आजोबांची 207

आजोबा, म्हणजे आमचं एक म्हातारं गिऱ्हाईक, आले ते नेमके शुक्रवारी दुपारी दोनला. म्हणजे इकडे जर्मनीत लोक पाने-पकडी पुसून पेटीत ठेवायला लागतात त्या वेळी. गाडी 1984 ची मर्सिडीज 207 डी, आत पलंग, ओटा, कपाट, सगळा संसार, म्हणजे कॅम्पर. फ्रिज थंड होत नाही, हीटर पेटताना कुरकुर करतो, आणि सोमवारी सकाळी डेन्मार्कला निघायचंय. महिना नोव्हेंबरचा. आमच्या वर्कशॉपचा मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "फ्रिज तुझा विषय."

विषय माझाच, पण कोल्हापूरच्या आयटीआयमध्ये आम्ही शिकलो ते कॉम्प्रेसरवाले फ्रिज. कॅम्परमधल्या जुन्या फ्रिजला कॉम्प्रेसरच नसतो. पाठीमागच्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कोंडलेले असतात. खालून उष्णता द्यायची, मग ती गॅसच्या ज्योतीची असो, 12 व्होल्टची असो की 230 व्होल्टची. अमोनिया पाण्यातून सुटतो, फिरतो, आणि आतली थंडी तयार होते. अख्ख्या यंत्रणेत हलणारा भाग एकही नाही. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, ही करामत केली. जाळ लावून बर्फ करायचा हे मला अजूनही थोडं चेटूकच वाटतं.

230 वर लावून दोन तासांनी मागे हात घातला. खालचा बॉयलर चटका बसेल इतका गरम, वरच्या नळ्या मात्र गारढोण. म्हणजे आतलं फिरणं थांबलेलं. गाडी चार वर्षं शेडमध्ये उभी होती, नुसती गेल्या महिन्यात एकदा आठवडाभर फिरून आली होती, असं आजोबा म्हणाले. मागे पिवळी पूड कुठे दिसते का ते बघितलं. आतलं पाणी नळ्या खाऊ नये म्हणून त्यात क्रोमेट घातलेलं असतं. ते बाहेर आलं की फ्रिज संपला. पूड नव्हती, अमोनियाचा वासही नव्हता.

मग मला उस्तादांची आठवण झाली. त्यांनी उमेदवारीच्या काळात रॉकेलवर चालणारे फ्रिज दुरुस्त केले होते. तत्त्व हेच. "हा रुसला ना, की त्याला शीर्षासन घालायचं," असं ते सांगायचे आणि आम्ही पोरं हसायचो. मी फ्रिज ओट्यातून सोडवून बाहेर काढला, आधी कुशीवर आणि मग उलटा केला. आतून गुडगुड आवाज आला, भरल्या पोटाने झोपलेल्या माणसासारखा. थोड्या थोड्या वेळाने चार-पाच वेळा हेच केलं आणि रात्रभर सरळ उभा ठेवला. आजोबा म्हणाले, "या व्यायामाचे पैसे वेगळे लावणार का?" ते श्वाबियन, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागातले. काटकसरीत हे लोक सदाशिव पेठेला मागे टाकतील.

शनिवारी सकाळी बर्नर खोलला. धुराड्यातून पडलेल्या गंजाच्या खपल्यांनी तो निम्मा बुजलेला होता. खपल्या झाडल्या, जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, स्पिरिटमध्ये बुडवून फुंकून घेतला. त्यात सुई घालायची नसते. भोक केसभर जरी मोठं झालं तरी ज्योत बिघडते. तरीही ज्योत मरतुकडीच. मग फ्रिजच्या दारामागची पट्टी वाचली: गॅसचा दाब 50 मिलिबार. जुन्या गाड्यांचं गॅसचं सामान 50 चं असायचं, नव्यांचं 30 चं. आणि सिलिंडरवर कोणीतरी नवाकोरा 30 चा रेग्युलेटर बसवलेला! हीटरच्या पट्टीवरही 50 च. 50 चा रेग्युलेटर लावला आणि फ्रिजची ज्योत निळी, टोकदार उभी राहिली. बटण दाबून दहा आकडे मोजले, तर हीटरही पहिल्या ठिणगीला पेटला.

आजोबांनी टाळी वाजवली. "झालं की! मागच्या महिन्यात नुसता वैताग दिला यानं. त्यात सकाळी डोकं जड. हिला म्हटलं, स्वस्तातली वाइन घेऊ नये."

"बायकोचंही दुखायचं?"

"तिचं जास्त. आणि ती तर पीतच नाही." बोलता बोलता ते स्वतःच थांबले.

मी हीटर बंद केला. हा हीटर कपाटाच्या तळाशी असतो. हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, आणि मधल्या लोखंडी डब्यावरून खोलीतली हवा तापून फिरते. डबा धड असेल तर धोका नाही. गाडीच्या पिवळ्या वहीत गॅस तपासणीचा शिक्का दर दोन वर्षांनी हवा. शेवटचा सहा वर्षांपूर्वीचा. डब्याला तर इकडे 30 वर्षांची मुदत असते, ती केव्हाच उलटलेली. निवल्यावर पुढचं झाकण काढलं, धुराचा पाइप सोडवला, आत बॅटरी सोडली आणि कपाटाचं दार ओढून अंधारात डोकं घातलं. वाकणाजवळ, टिकलीएवढा उजेड. शेजारी अजून एक, मोहरीएवढा.

आजोबांना म्हटलं, तुम्हीच बघा. गुडघे दुखत असतानाही ते वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. आपल्याकडे बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या येतात, आंघोळीला गेलेला माणूस बाहेरच आला नाही अशा. त्या मी त्यांना सांगितल्या. असल्या भोकांतून खोलीत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही.

तरी घासाघीस झालीच. वेल्डिंग होईल का? नाही. खिडकी उघडी ठेवली तर? नाही. फक्त झोपण्याआधी अर्धा तास? "आजोबा, तुम्ही पैसे दिले नाहीत तरी चालेल, पण हा पेटवून मी गाडी बाहेर सोडणार नाही." जर्मनमध्ये एवढ्या चढ्या आवाजात मी पहिल्यांदाच बोललो असेन. मालक ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला आणि काही न बोलता आत गेला.

हीटर काढला, गॅसची लाइन बुच मारून बंद केली, दाब लावून गळती तपासली, धुराचं छतावरचं भोक बुजवलं. नवा हीटर यायला दहा दिवस लागणार होते. दुपारपासून गॅसवर चालू ठेवलेल्या फ्रिजमध्ये रविवारी सकाळी 5 अंश होते. डेन्मार्क पुढे ढकललं, पण फ्रिज बघायला आजोबा बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आले. एक माझी.

जुना हीटर त्यांना घरी न्यायचा होता. पैसे मोजलेत, म्हणाले. देण्याआधी मी त्या डब्यात ड्रिलने बोटभर रुंद दोन भोकं पाडली. ते शेजारी उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत, डबा उचलला आणि डिकीत टाकला.