घर्षणाची बाजू

शाळेच्या विज्ञानात बलांची ओळख होते तेव्हा घर्षणाच्या वाट्याला खलनायकाचीच भूमिका येते. स्नायू बलानं बैल गाडी ओढतात, गुरुत्वीय बलानं गोकाकला घटप्रभा कड्यावरून कोसळते, चुंबकीय बल टाचण्या उचलतं. घर्षण काय करतं? तर 'गतीला विरोध'. हे एवढंच पाठ करून पोरं पुढच्या धड्याला लागतात. मला हा अन्याय वाटतो. निपाणीजवळच्या तवंदी घाटात गळिताच्या हंगामात कुणीही जाऊन खात्री करावी.

उसानं खच्चून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर तिथं मुंगीच्या पावलानं चढत असतो. मागं अडकल्यावर हॉर्न मारून उपयोग नसतो, तेव्हा मोठ्या चाकांकडं बघत बसावं. इंजिनाचा अधिकार चाक फिरवण्यापुरता. चाक रस्त्याला मागं रेटतं, रस्ता चाकाला पुढं रेटतो, आणि ट्रॅक्टर चढतो तो या रस्त्याच्या रेट्यावर. हा रेटा म्हणजेच घर्षण! त्याचा विरोध असतो घसरण्याला. टायर नीट फिरत असताना त्याचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता थांबलेलाच असतो, म्हणून हे स्थितिक घर्षण. शेतातल्या ओल्या चिखलात तेच कमी पडतं, मग इंजिन कितीही बोंबललं तरी चाक जागच्या जागी गरगरतं.

हुकांचंही एक गणित आहे. मागच्या हुकावर एकाच ट्रॉलीची ओढ, पुढच्यावर दोन्हींची. ही ओढ मागं आणि चाकाखालचा रेटा पुढं, अशा झटापटीत ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायला बघतं. मग कुणीतरी शहाणा बॉनेटवर चढून बसतो. (वजन पुढं हवं हे त्याला बरोबर कळलेलं असतं, फक्त तिथून पडलं तर काय, हे नाही.) बल किती, याच्याइतकंच ते कुठं लागतंय, यालाही महत्त्व आहे.

आधार बल बिचारं दिसतच नाही. बेळगावचा अर्धा किलो कुंदा टेबलावर ठेवला, तर त्याचं वजन साधारण 5 न्यूटन, आणि टेबल त्याला तेवढ्याच जोरानं वर उचलून धरतं. या दोघांना न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी समजायची सवय अनेकांना आहे. पण ही दोन्ही बलं कुंद्यावरच लागतात, आणि जोडीतली बलं कधी एकाच वस्तूवर लागत नाहीत. पृथ्वी कुंद्याला खाली ओढते, याची जोडी म्हणजे कुंदा पृथ्वीला वर ओढतो. तेवढ्याच, 5 न्यूटननं. पृथ्वी अवाढव्य असल्यामुळं तिला त्याचं काही वाटत नाही, एवढंच.

भौतिकशास्त्र खोलात गेलं की निसर्गात मूलभूत बलं चारच उरतात: गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, आणि अणुकेंद्रातली तीव्र व क्षीण. ट्रॅक्टरला खाली खेचणारं तेवढं गुरुत्वाकर्षण. टायरचं घर्षण, हुकाची ओढ, रस्त्याचा आधार, ड्रायव्हरच्या दंडातला जोर, हे सगळं मुळात विद्युतचुंबकीय. तरी शाळेतली जुनी नावं राहू द्यावीत. चढावर ट्रॉली मागं सरकायला लागली की "दगड लाव, दगड!" एवढंच ओरडायला वेळ असतो.