तुम्ही विचारलंत म्हणून: चारधाम सोडून जहाजावर का गेलो

लग्नात, हळदीकुंकवात, आर्वीच्या बसस्टँडवर, बँकेच्या रांगेत एकच प्रश्न येतो. "बाई, एवढ्या पैशात चारधाम झाला असता. तुम्ही दोघं जहाजावर कायले गेले?" दोन वर्षं मी "मुलगी तिकडे अमेरिकेतच होती, म्हणून" एवढंच सांगत आले. ते अर्धं उत्तर आहे.

पैसे माझे होते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्याचे. वावर विकलेलं नाही. गावात काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी हे.

मुलीनं युरोप सुचवला होता. रोज पहाटे बॅग भरा, बसमध्ये चढा, उतरा, हे यांच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. जहाजात बॅग एकदाच उघडायची. रात्री आपण झोपतो, सकाळी खाली दुसरंच बंदर. अमेरिकेतल्या मायामीहून सात रात्री: जमैका, ग्रँड केमन बेट, मेक्सिकोचं कोझुमेल बेट, परत मायामी. जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं, म्हणून मल्टिपल एन्ट्री व्हिसा हवा. तो होता, आणि मेक्सिकोत त्याच व्हिसावर उतरता येतं. जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचे महिने, म्हणून फेब्रुवारी निवडला. तोवर आपली कापसाची शेवटची वेचणीही झालेली असते.

पण जहाजच का, याचं खरं कारण फोन. भर समुद्रात रेंज नसते, इंटरनेटचे वेगळे पैसे पडतात. ते मी भरले नाहीत. सात दिवस यांच्या कानावर कापसाचा भाव पडू नये, बँकेचा फोन येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं सगळी बोंडं पोखरली, त्या हिवाळ्यात एका रात्री हे अंथरुणात नव्हते. विहिरीच्या काठावर सापडले, पाय आत सोडून बसलेले. "हवा खाऊन राह्यलो," म्हणाले. हात धरून घरी आणलं. त्यावर आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही.

जहाजावर मी आतली, बिनखिडकीची खोली घेतली. स्वस्त पडते, असं सगळ्यांना सांगितलं, यांनाही. स्वस्त पडतेच. पण मला बाल्कनी नको होती.

पहिल्याच रात्री जाग आली तर बिछाना रिकामा. न्हाणीघरात नाहीत, बाहेरच्या लांब बोळात नाहीत. चपला न घालता लिफ्टनं वर गेले. पोहण्याच्या तलावावर जाळी ओढलेली, खुर्च्या रचून ठेवलेल्या. कठडा माझ्या छातीएवढा, आणि पलीकडे नुसता काळोख. पाणी दिसत नाही, ऐकू येतं. एक मजला, मग दुसरा. फरशी धुणाऱ्या पोरानं काहीतरी विचारलं, मला उत्तर देता येईना. लग्नाला अडतीस वर्षं झाली, यांना कधी नावानं हाक मारलेली नव्हती. त्या रात्री मारली. मोठ्यानं, दोनदा.

"काहून ओरडून राह्यली?" जहाजाच्या मागच्या टोकाला, शाल गुंडाळून खुर्चीवर बसले होते. "त्या खोलीत समजतच नाही ना, बाहेर पाणी येऊन राह्यलं का नाही. झोपच लागे ना. इथं आवाज येते." जहाजामागे उठणाऱ्या फेसाचा आवाज होता तो. खरंच, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. मी शेजारी बसले. उजाडेपर्यंत दोघं तिथेच होतो.

मी विहिरीचं विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? तेव्हा वाटलं, नको, हे बरे आहेत. आता वाटतं, मी भ्याले. उद्या पुन्हा वेगळं वाटेल.

आणि हो, आम्हाला आनंद झाला, तेही ऐका. ग्रँड केमनला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, लहान बोटीनं नेतात. तिथे कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर, पाकट मासे माणसांच्या पायांशी फिरतात. यांनी एकाच्या पोटाखाली हात धरला आणि म्हणाले, "बैलाच्या नाकपुडीसारखं हाय, मऊ, ओलं." असा चेहरा मी पोळ्याला बैल सजवताना पाहिला होता, तोही फार वर्षांपूर्वी. कोझुमेलला मी सांगितलं की आपण लावतो त्या अमेरिकन कापसाची लागवड माणसानं पहिल्यांदा समोरच्या युकातानच्या किनाऱ्याकडे सुरू केली असं मानतात. हे कितीतरी वेळ त्या बाजूला बघत राहिले. "म्हणजे पऱ्हाटीचं माहेर हे व्हय."

चारधाम करू नये असं माझं म्हणणं नाही. तिथे मला यांना सात दिवस असं जवळून बघता आलं असतं का, ठाऊक नाही.

परवा वखरणी करून आले, हातपाय धुतले आणि चहा घेताना म्हणाले, "पुढच्या खेपेले खिडकीवाली खोली घेजो. बाल्कनीचीच घे." मी अजून हो म्हटलेलं नाही.