वेणी

संध्याकाळपासून लाईट नव्हती म्हणून मोबाईलच्या उजेडात लेकीला डेबोरा एलिसचं 'द ब्रेडविनर' वाचून दाखवत बसले. तालिबानच्या ताब्यातलं काबूल, बाबांना पकडून नेलेलं, बायकांनी एकटं बाहेर पडायचं नाही, मग ११ वर्षांची परवाना केस कापून, वारलेल्या भावाचे कपडे घालून बाजारात लोकांची पत्रं वाचून द्यायला बसते. केस कापायच्या पानावर लेकीने हळूच स्वतःची वेणी पुढे ओढून घट्ट धरली.

मी म्हटलं अगं, तिकडे याला बच्चा पोश म्हणतात, तालिबानच्या आधीपासूनचं आहे हे, घरात मुलगा नसला की एखाद्या मुलीला मुलगा म्हणून वाढवतात, शाळा, दुकान, खेळणं सगळं चालतं आणि वयात आली की बहुतेकींना परत मुलगी व्हावं लागतं.

"मग सायकल पण काढून घेतात?"

काय सांगणार कप्पाळ. तेवढ्यात लाईट आली.