पट्टी माझ्या नावावर, सातबारा आईच्या

आमचं गाव चांदवड तालुक्यात. अडीच एकर रान, सातबारा आईच्या नावावर. २०२३ च्या फेब्रुवारीत लाल कांद्याचे तीन ट्रॅक्टर बाजार समितीत नेले. पहिल्याला क्विंटलला ४३० रुपये भाव निघाला. २० क्विंटल ४० किलोचे झाले ८,७७२ रुपये. त्यातून हमाली, तोलाई, वाराई कापली गेली, ट्रॅक्टरचं भाडं वेगळंच. काढणीच्या बायांचे पैसे घरातून द्यावे लागले. आईनं पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, बघितली, काही बोलली नाही. चार घड्या घालून देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली. पुढच्या दोन पट्ट्याही तिथंच गेल्या. माझ्याकडे असत्या तर खिशातच चुरगळल्या असत्या.

मार्चमध्ये दिंडोरीहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. सरकारनं आधी ३०० आणि मग ३५० रुपये क्विंटलनं अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेला लाल कांदा, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटल. आमचा तिन्ही खेपांचा मिळून ६२ क्विंटल, म्हणजे २१,७०० रुपये. तेवढ्यात पुढच्या हंगामाचं खत येतं, म्हणून ते सोडून देणं शक्यच नव्हतं.

जिथं कांदा विकला त्याच बाजार समितीत अर्ज द्यायचा होता. मूळ विक्री पट्टी, कांद्याची नोंद असलेला सातबारा, पासबुक आणि आधारची झेरॉक्स. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, मी वेळेत केली होती, त्यामुळे सातबाऱ्यावर कांदा दिसत होता. शेजारच्या काकांनी केली नव्हती. त्यांना तलाठी आणि कृषी सहायकांच्या मागे किती हेलपाटे पडले ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा अर्ज अडला तो नावावर. गेटवर ट्रॅक्टरची नोंद करताना मी माझंच नाव सांगायचो, सगळेच सांगतात. खिडकीतल्या माणसानं पट्टी आणि सातबारा शेजारी ठेवला आणि म्हणाला, "नाव जुळत नाही, हा बसणार नाही." कागद परत माझ्या हातात. रांगेत माझ्यासारखे निदान सात-आठ जण होते. त्यातले दोघं तिथूनच घरी गेले, याचं मला अजून वाईट वाटतं, कारण वाट होती, फक्त कुणी सांगितली नाही. आई-वडिलांच्या नावावर सातबारा आणि मुलाच्या नावावर पट्टी असेल, सातबाऱ्यावर पिकाची नोंद असेल, तर दोघांच्या सहमतीचं शपथपत्र चालत होतं. पैसे मात्र सातबारा ज्याचा त्याच्याच खात्यात. हे मला गावातल्या सोसायटीच्या सचिवांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आईला मोटारसायकलवर बसवून शपथपत्रासाठी सेतू केंद्रात नेलं. शपथपत्रातलं वाक्य मी तिला वाचून दाखवलं, की हा कांदा याच गटातला आहे. ती म्हणाली, "माझ्या रानातला कांदा माझाय, हे आता शपथेवर सांगायचं व्हय रे?" मला उत्तर देता आलं नाही. तिनं सही केली, एकेक अक्षर जुळवत. मग बँक. तिच्या खात्यावर कित्येक वर्षं व्यवहार नव्हता, ते बंद पडलेलं. केवायसी, आधार जोडणी, दोन चकरा. अर्जाची मुदत २० एप्रिलची ३० एप्रिल झाली म्हणून आमचा अर्ज मुदतीत बसला.

सप्टेंबरात पहिले दहा हजार जमा झाले. बाकीचे तुकड्या-तुकड्यांनी आले, प्रत्येक वेळी बँकेत विचारायला जावं लागलं. पहिले पैसे आले तेव्हा उळं (रोपासाठीचं कांद्याचं बी) टाकून झालं होतं आणि बियाण्याची उधारी दुकानात तशीच होती. आईनं आधी ती फेडायला लावली.

तुमच्या घरात सातबारा आई-वडिलांचा असेल तर गेटवर त्यांचंच नाव सांगा, आणि ड्रायव्हरला एकट्याला पाठवत असाल तर ते कागदावर लिहून द्या. त्यांचं बँक खातं चालू आहे का ते आजच बघा. पट्ट्या आमच्याकडे अजूनही त्याच डब्यात पडतात, आता आईच्या नावाच्या.