विसार दिला आणि बहीण निघाली

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर, आनंदनगरच्या आतल्या गल्लीत एक जुना वन बीएचके पाहिला. १९९६ ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली गुलमोहर. राहायला नको होता. आम्ही राहतो ते घर आहेच. मुलीच्या शिक्षणापर्यंत भाडं येत राहावं आणि पुढे विकून रक्कम हाती यावी, एवढाच हिशोब. किंमत ५२ लाख ठरली.

विकणारे गृहस्थ सरळ वाटले, आणि होतेही. वडील गेल्यावर फ्लॅट त्यांच्याकडे आला होता. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट त्यांच्या एकट्याच्या नावावर. एजंट म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट नावावर आहे, अजून काय पाहिजे?" मी एक लाखाचा विसार द्यायला निघाले. माझे मामा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. ते फोनवर म्हणाले, "दे, पण पावतीवर एक ओळ लिहून घे. मालकी हक्क निर्वेध नसेल तर विसार परत." मला तेव्हा ते उगाच वाटलं होतं. तरी लिहून घेतली.

वकीलबाईंनी फाइल पंधरा मिनिटं चाळली. मग शेअर सर्टिफिकेट उलटं केलं. मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदी असतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं, "हे वडिलांच्या नावावरून यांच्या नावावर कशाच्या आधारे झालं?" सोसायटीत विचारलं तर उत्तर आलं, नॉमिनेशनवर. वडिलांनी मुलाला नॉमिनी म्हणून नेमलं होतं. मृत्युपत्र नव्हतं.

इथे मी थोडं थांबून सांगते, कारण माझ्या ओळखीतली निम्मी माणसं याच ठिकाणी फसलेली आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. सहकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने तर नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' असंच म्हटलं आहे. मृत्युपत्र नसेल तर मालकी सगळ्या वारसांची, म्हणजे मुलाइतकीच मुलीचीही. आणि हे सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांच्या तपासणीत, दिसत नाही. वकीलबाईंनी तीस वर्षांचा शोध काढला होता, त्यात फक्त १९९६ चा करारनामा आणि त्याची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश-उतारा. एकदम स्वच्छ. माणूस मेल्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात, होत नाही. कोण कोण वारस मागे राहिले हे तिथल्या कुठल्याच पुस्तकात नसतं. ते विचारावंच लागतं.

विचारलं. गृहस्थ क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "एक बहीण आहे. लातूरला. पण तिचं लग्न झालंय ना."

वकीलबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन रस्ते. ताईंनी भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं, नाहीतर विक्री करणार म्हणून करारावर सही करायची आणि आपला हिस्सा घ्यायचा. तिसरा रस्ता नाही." गृहस्थांना पहिला हवा होता. ताईंचा नंबर मागितला तर 'मी बोलतो, मी बोलतो' करत तीन आठवडे गेले. शेवटी मीच फोन लावला. ताई शांतपणे म्हणाल्या, "दादाने मला फ्लॅट विकतोय हे सांगितलंच नाही. सही मी करीन. फुकट करणार नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता, माझा व्यवहार अडला होता. आला नाही. फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, ताई करारात आल्या तर भाऊ-बहिणीच्या नावांचे वेगवेगळे चेक निघतील. आणि तसेच निघाले, पण मार्चच्या अखेरीला. मधल्या काळात आईवडील दोघांचे मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, 'कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे'. हरकत आली नाही. एवढे कागद पाहिल्याशिवाय बँक कर्जाचा चेक सोडणार नव्हती.

त्या तीन महिन्यांत गृहस्थ एकदा चिडून म्हणाले, जमत नसेल तर सोडा. तेव्हा पावतीवरची ती एक ओळ माझ्या पर्समध्ये होती. काढावी लागली नाही.

एप्रिलमध्ये करार नोंदवला. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, त्यात एक टक्का मेट्रोचा. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. म्हणून फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला, नवरा कर्जात सहकर्जदार. "म्हणजे हप्ते माझे आणि घर तुझं," असं तो अजून पाहुण्यांना सांगतो. सूट ५२ हजारांची होती, विनोद सहन करायला हरकत नाही. शुल्क ३ लाख १२ हजार, नोंदणी फी ३० हजार. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराने येणारी किंमत, यांतली जी जास्त तिच्यावर लागतं, म्हणून रेकनरचा दर आधी काढून बघा. आमचा कमी निघाला.

टीडीएसमध्ये मात्र माझी चूक झाली. ५० लाख किंवा त्याहून महाग घर घेतलं तर खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कर कापून सरकारला भरायचा असतो, तेव्हा २६ क्यूबी फॉर्मने. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर, लागत नाही, दोघांचे पॅन पुरतात. मला वाटलं शेवटच्या चेकमधून कापायचा. नाही, प्रत्येक रकमेतून कापायचा, विसारातूनही. जानेवारीच्या एक लाखावरचे हजार रुपये मी एप्रिलमध्ये भरले. उशिराची फी रोज २०० रुपये, पण कापायच्या रकमेपेक्षा जास्त नाही. म्हणजे हजारावर हजार, वर थोडं व्याज. विक्रेते दोघे असल्यामुळे फॉर्मही दोन. गृहस्थ म्हणत होते, आता माझ्या हिश्शाला २६ लाखच येतात, मग कशाला कापता? आमचे सीए म्हणाले, घराची किंमत बघायची, हिस्सा नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलं गेलं.

मग सोसायटी. सचिवांनी ट्रान्सफरसाठी ५० हजार 'इमारत निधीला देणगी' मागितली. ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, आणि देणगी सक्तीची नसते. परिपत्रकाची प्रत नेली. भांडले नाही, नुसती टेबलावर ठेवली. २५ हजारांवर आलं, निम्मे विक्रेत्यांनी भरले. भाड्याने देणार म्हटल्यावर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, महिना हजार सांगितला. त्याच महिन्यातलं दुसरं परिपत्रक म्हणतं, सेवाशुल्काच्या दहा टक्के, त्यापुढे नाही. आमच्या मेंटेनन्समधलं सेवाशुल्क १६०० रुपये, म्हणजे १६० झाले. सचिव तेव्हापासून जिन्यात भेटले की फक्त मान हलवतात.

आता आकडे, कारण गुंतवणूक हा शब्द वापरला की आकडे सांगितले पाहिजेत. ५२ लाखांवर शुल्क, नोंदणी, वकील, एजंटचा एक टक्का, आमच्या वाट्याचा प्रीमियम आणि दुरुस्ती. बाथरूमची गळती काढून टाइल्स, वायरिंग, रंग असे दोन लाख दहा हजार एकट्या दुरुस्तीचे. एकूण ५८ लाखांच्या वर. भाडं १५,५००. वर्षात एक महिना रिकामा धरला तर १ लाख ७० हजार हाती येतात. मेंटेनन्स आणि तो १६० चा चार्ज मिळून वर्षाचे २८ हजार. महापालिकेचा कर ९ हजार, कारण स्वतः राहणाऱ्याला पुण्यात जी ४० टक्के सवलत मिळते ती भाड्याने दिलं की जाते. उरतात साधारण १ लाख ३३ हजार. म्हणजे घातलेल्या पैशावर सव्वादोन टक्के. कर्ज ३० लाखांचं, पावणेनऊ टक्क्यांनी, हप्ता साडेसव्वीस हजार. भाड्यातून हप्ता जाईल असं जो एजंट सांगतो त्याच्यासमोर कॅल्क्युलेटर ठेवा. आम्ही दर महिन्याला खिशातून भर घालतो, आणि किंमत वाढेल या एकाच भरवशावर घालतो. आयकरात नव्या पद्धतीत घरभाड्यातला तोटा पगारातून वजा करता येत नाही, हेही मला व्यवहार झाल्यावर कळलं.

भाडेकरार मात्र मला सगळ्यात सोपा गेला. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही' हे अजून शंभर जण सांगतात. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. माझा खर्च मुद्रांकाचा साडेचारशेच्या आसपास, नोंदणीचा हजार. अंगठ्याचं मशीन घेऊन मुलगा घरी आला, भाडेकरू जोडपं जळगावचं, चहा होईपर्यंत काम झालं. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन दिली. त्याआधी दोन मुलं आली होती, हिंजवडीत नोकरी, कागद चोख. सोसायटीतल्या एक आजी म्हणाल्या, बॅचलर नकोत. सोसायटीच्या उपविधीत, म्हणजे नियमावलीत, असं काही नाही, पण वर्षभर तक्रारी ऐकायला मला वेळ नव्हता. त्या मुलांना नाही म्हणाले, हे बरोबर केलं असं मला अजून वाटत नाही.

एक गोष्ट मी डोळे उघडे ठेवून गिळली. इमारतीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नाही. जमीन सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. उद्या पुनर्विकास करायचा झाला तर आधी हे सोडवावं लागणार. बिल्डर देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे त्याच्या सहीशिवाय ते करून मिळण्याचा, अर्ज करता येतो, पण त्यासाठी सभासदांनी एकत्र यायला हवं. आमच्या सोसायटीत निम्मे फ्लॅट भाड्याने गेलेत आणि मालक सभेला येत नाहीत.

येत्या रविवारी सभा आहे, तिसरा विषय तोच. मी जाणार आहे. भाडेकरूच्या स्वयंपाकघरातल्या गळतीसाठी प्लंबरलाही तीच वेळ दिली आहे, एका फेरीत दोन कामं.