चेंबरला बसवलेली तोटी

गेली तीन वर्षे माझ्या गाडीच्या इंजिनाखाली, ऑईल काढण्याच्या बोल्टच्या जागी, अंगठ्याएवढी एक पितळी तोटी बसवलेली आहे. नेरुळला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः ऑईल बदलत असताना ती पाहून आतापर्यंत चार-पाच शेजाऱ्यांनी तिच्याविषयी विचारले, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न "याने वेळ किती वाचतो?" हाच होता. वेळ फारसा वाचत नाही. तोटी बसवण्याचे कारण वेगळे आहे आणि ते समजण्यासाठी आधी त्या बोल्टची हकीकत सांगायला हवी.

इंजिनाच्या तळाशी ऑईल साठवणारे जे भांडे असते त्याला आपल्याकडचे मेकॅनिक चेंबर म्हणतात. त्याच्या तळाला किंवा मागच्या उतारावर एक आटे पाडलेले भोक असते आणि ते एका बोल्टने बंद केलेले असते. आपल्या रस्त्यांवरच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हा बोल्ट १४ मिलिमीटर व्यासाचा आणि १.५ मिलिमीटर पेचाचा, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत तेवढे अंतर असलेला, असतो. बोल्ट पोलादाचा असतो आणि चेंबर बऱ्याच गाड्यांत ओतीव ॲल्युमिनियमचा असतो; त्यामुळे दर वेळी बोल्ट काढून पुन्हा आवळताना झीज होते ती बोल्टची नव्हे, चेंबरच्या आट्यांची. बोल्ट शंभर रुपयांच्या आसपास मिळतो, चेंबर मात्र मिळण्यापासून बसवण्यापर्यंत सगळ्याच बाबतींत महाग पडतो.

माझ्या गाडीची वॉरंटी संपल्यानंतर मी ती ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये देऊ लागलो होतो. तिथे एकदा काम करणाऱ्या मुलाने लांब दांड्याचा पाना लावून, अंगाचा सगळा भार देऊन तो बोल्ट आवळलेला मी समोर उभा राहून पाहिला आणि काही बोललो नाही, याची मला अजून खंत वाटते. दोन आठवड्यांनी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. वायसर बदलावा म्हणून बोल्ट काढला, तर त्याच्या आट्यांमध्ये ॲल्युमिनियमची बारीक चकचकीत तार गुंडाळून बाहेर आली. ती तार म्हणजे चेंबरचे आटे होते. भोक थोडे मोठे करून, त्यात नवे आटे पाडून आणि हेलिकॉइल, म्हणजे स्प्रिंगसारखे पोलादी तारेचे वेटोळे, बसवून चेंबर वाचवता आला. ते काम ज्यांनी करून दिले ते आमच्या मजल्यावरचे काका तुर्भ्याच्या एमआयडीसीत आयुष्यभर फिटर होते. काम संपवून हात पुसताना ते म्हणाले, "अरे, आट्याला जितक्या वेळा पाना लावशील तितकं त्याचं आयुष्य कमी. एकदा बसवून तसाच ठेवता आला तर बघ." तोटीचा शोध मी त्या दिवसापासून घेऊ लागलो.

या प्रकारच्या तोट्यांत जपानच्या फुमोटोचे नाव सर्वांत परिचित आहे. गच्चीवरच्या टाकीला असतो तसाच हा एक छोटा बॉल व्हॉल्व्ह आहे: पितळी अंगात आरपार भोक पाडलेला एक गोळा असतो आणि बाहेरची दांडी पाव फेरी फिरवली की गोळ्याचे भोक नळीच्या रेषेत येते व ऑईल वाहू लागते. दांडी स्प्रिंगच्या जोराने एका खाचेत बसलेली असते, त्यामुळे आधी ती खाचेतून उचलावी लागते आणि मगच फिरवता येते. खडा लागला, फांदी अडकली किंवा गाडी हादरली म्हणून ती आपोआप उघडेल ही भीती त्यामुळे बरीच कमी होते. वर एक प्लास्टिकची क्लिपही लावता येते आणि मी ती लावलेली आहे. स्टाहलबस या जर्मन कंपनीची रचना निराळी आहे. तिच्यात स्प्रिंगवर बसलेली झडप आत असते आणि बाहेरची टोपी काढून नळीचे तोंड पेचाने फिरवत आणले की ती झडप आत ढकलली जाऊन ऑईल बाहेर येते. ती बाहेर कमी डोकावते, हा तिचा मोठा गुण आहे. कोणतेही नाव नसलेल्या स्वस्त पितळी तोट्याही ऑनलाइन मिळतात, परंतु इंजिनातले सगळे ऑईल ज्या एका तुकड्यावर अवलंबून आहे तिथे मी चार पैसे वाचवणार नाही.

खरा प्रश्न आपल्या रस्त्यांचा आहे. तोटी बोल्टपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त बाहेर येते, आणि ज्या गाडीत भोक चेंबरच्या अगदी तळाला, सरळ जमिनीकडे तोंड करून असते, तिथे ती सर्वांत खाली लटकणारी वस्तू ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलेला आहे. तसा गतिरोधक गाडीच्या पोटाला लागण्याचे काही कारण नाही. पण आमच्या सेक्टरमधल्या गल्ल्यांत जे अरुंद, उभ्या चढाचे उंचवटे आहेत ते त्या मापाच्या जवळपासही जात नाहीत, आणि जुलैमध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली चाक आत गेल्यावरच कळते. म्हणून तोटी मागवण्याआधी मी गाडी सपाट जागी उभी केली, आई-वडील, पत्नी आणि मुलीला आत बसवले, मागे दोन बॅगा ठेवल्या आणि चेंबरच्या सर्वांत खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजले. माझ्या गाडीत भोक मागच्या उतारावर आहे आणि तोटीचे टोक चेंबरच्या तळापेक्षा एक सेंटीमीटर वरच राहते, हे कागदावर आकृती काढून पटल्यावरच मी पुढे गेलो. ज्यांच्या गाडीत भोक तळाला आहे आणि खाली लोखंडी संरक्षक पत्रा नाही, त्यांनी ही तोटी बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. झिजलेल्या आट्यांतून ऑईल थेंबथेंब गळते, तुटलेल्या तोटीतून मात्र ते काही क्षणांत संपते आणि लाल दिवा दिसून गाडी बंद करेपर्यंत इंजिन जायचे ते गेलेले असते.

बसवण्याचे काम सोपे आहे. तोटी आधी बोटांनीच फिरवत न्यावी. तीन-चार फेऱ्या बोटांनी सहज गेल्या नाहीत तर आटे वाकडे धरले आहेत असे समजून मागे यावे. पितळ पोलादापेक्षा मऊ आणि तोटी आतून पोकळ, म्हणून बोल्टसाठी मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, तिला लावायचा नसतो, सोबतच्या कागदावर दिलेलाच लावायचा असतो, आणि त्यासाठी तो जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना नसेल तर कोणाकडून तरी मागून आणावा. बसवल्यावर दांडी पूर्ण फिरते का, बाजूच्या लोखंडाला अडते का, हेही तेव्हाच पाहावे. मी रात्रभर खाली पुठ्ठा पसरून ठेवला आणि पुढच्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बोट फिरवून पाहिले.

आता ऑईल बदलायचे तेव्हा रविवारी सकाळी लवकर पाम बीच मार्गावर एक फेरी मारून येतो. ऑईल गरम झाले की पातळ होते आणि तळाशी बसलेला मळ त्याच्याबरोबर निघतो. पाच-दहा मिनिटे थांबून तोटीच्या चोचीला पारदर्शक नळी जोडतो, नळीचे दुसरे टोक रिकाम्या कॅनमध्ये सोडतो आणि दांडी हळूहळू उघडतो. बोल्ट काढताना शेवटच्या फेरीला गरम ऑईल मनगटावरून कोपरापर्यंत यायचे आणि बोल्ट ट्रेमध्ये पडायचा. ते सगळे आता नाही. फरशीवर एक थेंब पडत नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. आणखी एक उपयोग मला नंतर लक्षात आला. एकदा घाईत ऑईल जास्त भरले गेले आणि डिपस्टिकवर ते वरच्या खुणेच्याही वर गेले; बोल्ट असता तर मोठी कसरत झाली असती, तोटीतून कपभर ऑईल काढून दोन मिनिटांत पातळी बरोबर केली.

फिल्टर मात्र तोटीने सुटत नाही. माझ्या गाडीत तो खालूनच हाताला येतो, म्हणजे पुढची बाजू उचलावीच लागते. इथे मी कोणाचीही सवलत मान्य करत नाही: मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या, हँडब्रेक, आणि दोन पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके घालायचे नाही.

उणिवाही आहेत. तोटीचे आतले भोक बोल्टच्या भोकापेक्षा लहान असल्याने माझ्या गाडीतले सुमारे तीन लिटर ऑईल निघायला पंधरा मिनिटे लागतात, पूर्वी पाच लागत. तोटीचा आटे असलेला भाग चेंबरच्या आत किंचित वर येतो आणि त्याच्या खालच्या पातळीतले थोडे ऑईल तसेच राहते. एकदा मुद्दाम ऑईल पूर्ण निथळल्यावर तोटी काढून पाहिली, तेव्हा आणखी अर्धी वाटी निघाले. तीन लिटर नव्या ऑईलमध्ये एवढे जुने मिसळल्याने काही बिघडते असे मला वाटत नाही. चुंबक असलेल्या बोल्टवर लोखंडाचे कण चिकटतात आणि त्यावरून इंजिनाची प्रकृती कळते, ती सोय तोटीत गेली. म्हणून मी काढलेले ऑईल पांढऱ्या भांड्यात थोडे ओतून, ते हलवत उन्हात पाहतो.

उरते ते काढलेले ऑईल. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवरही आलेली आहे. घरी ऑईल बदलणाऱ्याने मात्र आपला कॅन नेमका कुठे जातो हे स्वतः पाहायला हवे. नवी मुंबईत पावसाळी नाल्यांचे पाणी होल्डिंग पाँडमधून, म्हणजे ते साठवून ठेवणाऱ्या तळ्यांतून, ठाण्याच्या खाडीत जाते. त्या खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, आणि हिवाळ्यात आमच्या नेरुळच्या पाणथळीतही तेच रोहित पक्षी उतरतात. पार्किंगच्या जाळीतून ओतलेले तीन लिटर ऑईल तिथवर पोहोचायला एक पाऊस पुरतो. मी कॅनचे झाकण घट्ट करतो, फिल्टर रात्रभर उपडा ठेवून त्यातले ऑईलही त्याच कॅनमध्ये निथळू देतो आणि तुर्भ्याच्या ज्या गॅरेजमधून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची गाडी जुने ऑईल घेऊन जाते, तिथे नेऊन देतो. वाटेत काही पाणी किंवा कूलंट त्यात मिसळू देत नाही, कारण मग ते ऑईल पुन्हा शुद्ध करणे अवघड होते.

जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी आणि गणपतीला गावाहून परत आल्यावर, अशी वर्षातून दोनदा मी खाली वाकून तोटी आणि तिची क्लिप पाहतो. जुना बोल्ट नव्या वायसरसह एका डबीत घालून स्टेपनीच्या खाचेत ठेवलेला आहे. कोकणातल्या एखाद्या वळणावर तोटीला दगड लागलाच, तर जवळच्या गावातल्या मेकॅनिकला तोटी ओळखीची नसेल, पण तो बोल्ट कसा बसवायचा हे त्याला सांगावे लागणार नाही.