बहात्तर सेकंद आणि तीन कट्टे

शाळेच्या व्हरांड्यात विजेतेपदांचा फलक रंगवायचं काम चाललंय. पेंटर शिडीवरून विचारतो, "सर, वर्ष सांगा, खेळ सांगा, पुढं विजेते का उपविजेते?" एवढीच जागा आहे. खो-खोच्या ओळीपाशी मात्र मी जरा थांबलो.

सोलापूर महापालिका क्षेत्रातली 17 वर्षांखालील मुलींची अंतिम लढत. दोन्ही डाव संपले तरी गुण सारखे. अलाहिदा, म्हणजे जादा डाव झाला, पुन्हा बरोबरी! मग लघुत्तम आक्रमण. पहिला गडी कमी वेळात बाद करेल तो संघ जिंकला. आमच्या पोरींना 72 सेकंद लागले. आता आमची तुकडी पळणार, आणि तिघींपैकी एकही 72 सेकंदांच्या आत बाद होता कामा नये. मी तिघींना एवढंच सांगितलं, "बहात्तर."

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारताच्या मुलींनी पहिला विश्वचषक जिंकल्यापासून पालक चौकशी करायला लागलेत. पण ते मॅटवरचं खो-खो. आमच्याकडे अजून मुरूमच, गुडघे सोलणारा.

पहिली पळाली ती आमची सगळ्यात बारकी पोरगी. घर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, आई विड्या वळते. बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी, साखळी पळत राहिली, खांबाला एकदा अशी वळली की मागच्या मुलीचा सूर नुसत्या धुळीत गेला. माझा तर श्वासच अडकला. घड्याळाकडे बघायचं धाडस होईना.

73व्या सेकंदाला पंचांची शिट्टी वाजली. बाकीच्या दोघी नाचायला लागल्या. समोरच्या मुली उठून उभ्या राहिल्या, आणि ही अजून पळतेच आहे! कुणी मागं नाही, काही नाही. खांबाला आणखी एक वळसा घालून मग थांबली.

"अगं, शिट्टी ऐकू आली नाही?"

"आली सर. पण तिसरा कट्टा भरला नव्हता."

विड्यांचा कट्टा पंचवीसचा. घरी आईबरोबर मोजते तसं, तेलुगूत, ती सेकंद मोजत होती. बहात्तर लक्षात ठेवायला अवघड, म्हणून तीन कट्टे धरले होते.

पुढं विभागीय स्पर्धेत सोलापूर ग्रामीणच्या मुलींनी आम्हाला डावानं हरवलं. त्या वेळापूर-वाडीकुरोलीकडच्या पोरी म्हणजे वारंच.

"सर, लिहू का?" पेंटरनं पुन्हा विचारलं.

"विजेते," मी म्हणालो. त्यानं ब्रश बुडवला.